दूध देते, पण माजावर येत नाही
वाचकांचे प्रश्न, डॉक्टरताईंची उत्तरं

ऊसतोड सुरू झाली की माझ्याकडच्या पत्रांचा नूर बदलतो. पावसाळ्यात घटसर्प, फऱ्या, गोचीड. आणि मोळ्या बांधलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गावोगाव पोचायला लागलं की «गाय फळत नाही». या खेपेला पत्रं लावताना दिसलं की गाय, शेळी, कुत्र्याचं पिल्लू अशी जनावरं वेगवेगळी असली तरी बहुतेकांचं दुखणं रक्तात कमी पडलेल्या साखरेपाशी येऊन थांबतं. म्हणून ती एकत्र घेतली. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या तुमच्या डॉक्टरांनी जनावर बघून ठरवायच्या.

प्रश्न : माझ्याकडे दुसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय आहे. व्यायला अडीच महिने झाले. दोन्ही वेळचं मिळून १६ लिटर दूध आहे, पण एकदाही माजावर आली नाही. अंगाने उतरली आहे. ग्लुकोजच्या दोन बाटल्या लावून झाल्या. शेजारी म्हणतात, माजाचं हार्मोनचं इंजेक्शन मारून टाका. मारू का? सध्या वाढं भरपूर आहे, तेच खाते. जोडीला सकाळ-संध्याकाळ दीड-दीड किलो सरकी पेंड. (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : दादा, इंजेक्शनचं नंतर बघू. आधी तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा हिशोब मांडू.

गाईच्या दुधात दुग्धशर्करा असते साधारण पावणेपाच टक्के. ती कासेत तयार होते आणि तिचा कच्चा माल म्हणजे रक्तातलं ग्लुकोज. लिटरभर दुधामागे कास सुमारे ७२ ग्रॅम ग्लुकोज ओढून घेते. म्हणजे तुमच्या १६ लिटरला रोजचे साडेअकराशे ग्रॅम झाले. आता ती बाटली बघा. २५ टक्क्यांची अर्ध्या लिटरची बाटली असेल तर तिच्यात ग्लुकोज १२५ ग्रॅम. पावणेदोन लिटर दुधाचा खर्च! तोही पुरता पदरात पडत नाही. एकदम एवढी साखर शिरेत गेली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, थोडी साखर लघवीवाटे जाते, आणि काही तासांत रक्तातली पातळी पुन्हा होती तिथे. किटोसिसने (साखरेच्या तुटीचा आजार, त्याचं पुढे येतंच) मान टाकलेल्या गाईला मी स्वतः ही बाटली लावते, तिथे तिचा उपयोग आहे. माजासाठी लावणं म्हणजे पैसे घालवणं.

मग हे रोजचं किलोभर ग्लुकोज येतं कुठून? वैरणीतून थेट येत नाही. गाईच्या कोठीपोटातले सूक्ष्मजीव आधी जेवतात, गाय मागून. चारा, पेंड, भरडा, जे पडेल ते आंबवून त्याची ते आम्लं करतात : ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक. यातल्या मुख्यतः प्रोपिऑनिकपासून यकृत ग्लुकोज घडवतं. गाय जी साखर वापरते ती जवळजवळ सगळी तिच्याच यकृतात बनलेली असते. निव्वळ वाढ्यावरच्या गाईच्या पोटात ॲसेटिक भरपूर, प्रोपिऑनिक कमी. सरकीत प्रथिनं आहेत, स्निग्धांश आहे, पण पिष्ट नाही. त्यामुळे पोट भरलेलं दिसतं, रवंथ चालू असतो, आणि यकृताच्या हाती माल पडत नाही.

आता गाईचं शरीर यावर काय करतं ते ऐका. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. पाण्याचा दिवस लांबला की घरातली बाई आधी पिण्याचं पाणी झाकून ठेवते, मग स्वयंपाकाचं बघते, आणि कुंड्यांतली झाडं तशीच राहतात. गाईच्या शरीरात हा निवाडा हार्मोन करतात, आणि तिथे कुंड्यांची जागा गर्भाशय-बीजांडकोशाची आहे.

पहिला बदल इन्सुलिनमध्ये. साखर उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन आवरतं घेतं आणि ग्लुकागॉन, म्हणजे साखर वर ओढणारं हार्मोन, वाढवतं. स्नायूंना आणि चरबीला साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. मेंदूला आणि कासेला लागत नाही. इन्सुलिन उतरलं की स्नायूंची दारं लागतात आणि असेल ती साखर कासेकडे वळते. म्हणून गाय वाळत जाते आणि दूध मात्र देत राहते. मालक खूश असतो : «दुधाला चांगली आहे, बाकी काही नाही.» बाकी काही नाही, हेच तर दुखणं.

दुसरा बदल ग्रोथ हार्मोनमध्ये. हे मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीतून सुटतं आणि एरवी यकृताकडून आयजीएफ-१ नावाचं आणखी एक हार्मोन बनवून घेतं. ऊर्जेची तूट पडली की यकृत त्याचं ऐकेनासं होतं. आयजीएफ-१ उतरतं. ग्रोथ हार्मोनला आवर घालणारं तेच असल्यामुळे ग्रोथ हार्मोन आणखी चढतं आणि अंगावरची चरबी वितळवायला लागतं. ही चरबी यकृतात येते, तिथे ती पुरती जळत नाही, आणि किटोन तयार होतात. श्वासाला ॲसिटोनचा, म्हणजे नखांचा रंग काढायच्या द्रवाचा वास, आणि पेंड सोडून गाय नुसता कडबा चघळायला लागणं, ही किटोसिसची खूण. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण लघवीची रोथेरा चाचणी करून घ्या. चिमूटभर पूड आणि थोडी लघवी. जांभळा रंग आला तर किटोन आहेत. गोठ्यातच होते, खर्च नगण्य.

तिसरा बदल तुमच्या प्रश्नाचा. बीजांडकोशावरचा फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, वाढावा, पिकावा, फुटावा यासाठी पीयूष ग्रंथीतून एलएच नावाचं हार्मोन यावं लागतं. ते सलग येत नाही, ठोक्या-ठोक्याने येतं. फॉलिकल पिकून फुटायचा तर हे ठोके साधारण तासाला एक या गतीने पडायला हवेत. तुटीत असलेल्या गाईत दोन ठोक्यांमधलं अंतर काही तासांवर जातं. ठोक्यांची गती ठरवतो मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस, आणि त्याच्यापर्यंत रक्तातली साखर, इन्सुलिन, चरबीतून येणारं लेप्टिन यांची खबर पोचत असते. मेंढ्यांवर हे नीट तपासलेलं आहे. इन्सुलिन टोचून साखर पाडली की एलएचचे ठोके विरळ होतात. साखर रक्तात असूनही पेशींना ती वापरता येऊ नये असं रसायन दिलं तरी तेच होतं. जे थोडं एलएच येतं त्यालाही बीजांडकोश नीट दाद देत नाही, कारण तिथेही इन्सुलिन आणि आयजीएफ-१ लागतात. इस्ट्रोजेन कमी बनतं. कधी कधी फॉलिकल फुटतोही, पण माजाची लक्षणं इतकी पुसट की रात्री कधीतरी येऊन जातात आणि सकाळी धार काढणाऱ्याला पत्ता नसतो. हा मुका माज.

आता इंजेक्शन. गोठ्यावर ज्याला सरसकट माजाचं इंजेक्शन म्हणतात ते बहुतेक वेळा प्रोस्टाग्लँडिन असतं. ते बीजांडकोशावरचा पीतपिंड, म्हणजे फॉलिकल फुटल्यावर त्याच जागी तयार होणारी गाठ, विरघळवतं. पीतपिंड असेल तर गाय दोन ते पाच दिवसांत माजावर येते. पण जी गाय व्याल्यापासून पाळीतच आलेली नाही तिच्या बीजांडकोशावर पीतपिंड नसतोच. मग विरघळवायचं काय? उलट कुणाच्या नकळत भरलेल्या गाभण गाईला ते टोचलं तर गाभ पडतो. म्हणून हात घालून किंवा सोनोग्राफीने तपासल्याशिवाय सुई नाही. पीतपिंड सापडला तर तुमच्या गाईला मुका माज आहे आणि इंजेक्शन रास्त आहे. दोन्ही बीजांडकोश सपाट, गुळगुळीत लागले तर आधी गव्हाण सुधारा.

गव्हाणीचं असं. दुधाळ गाईला शरीरासाठी दीड-दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो असा खुराक धरतात. तुमच्या गाईला तो आठ किलोच्या आसपास बसतो, तुम्ही तीन देताय. पण एकदम आठवर उडी मारू नका, पोट आंबेल आणि मला दुसरं पत्र लिहावं लागेल. दोन-तीन दिवसांआड अर्धा किलो वाढवा, दिवसातून तीनदा विभागून द्या. त्यात निम्मा मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा असू दे. सरकी आहेच, थोडा कोंडा, आणि खनिज मिश्रण विसरू नका. वाढं निम्म्यावर आणा. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवतं, हा आणखी एक तोटा. त्या जागी मालदांडीचा कडबा कुट्टी करून, मुरघास मिळाला तर फारच छान. बरगड्या झाकायला लागल्या की पुन्हा तपासून घ्या.

व्याल्यानंतर पहिले काही आठवडे प्रत्येक दुधाळ गाय तुटीत जातेच. तेव्हा दुधाची मागणी जोरात असते आणि भूक मागून वाढते. बहुतेक गाई दोन महिन्यांच्या आसपास त्यातून वर येतात. तुमची आली नाही, कारण तिला वर यायला गव्हाणीत आधार नव्हता.

प्रश्न : ताई, आमची आजी खिलार गाय व्याली की गूळ, बाजरी, मेथ्या शिजवून चारायची. त्या गाई न चुकता गाभण राहायच्या. गूळ म्हणजे साखरच ना? मग संकरित गाईला रोज किलोभर गूळ चारला तर हा सगळा प्रश्नच मिटेल. (वाचक, मंगळवेढा)

उत्तर : आजी बरोबर होत्या, हिशोब तुमचा चुकतोय. खिलार ही ओढकामाची जात. ती वासरू पाजून दोन-तीन लिटर दूध देणार, म्हणजे कासेची रोजची ओढ दीड-दोनशे ग्रॅम ग्लुकोजची. एवढं तिचं यकृत नुसत्या कडब्यावर आणि बांधावरच्या गवतावरही जमवतं. इन्सुलिन पडत नाही, एलएचचे ठोके चुकत नाहीत. आपल्या पंढरपुरी म्हशीचंही तेच. दूध बेताचं आणि वेत नियमित, म्हणून तर गवळ्यांचा जीव तिच्यावर.

गूळ गाईच्या तोंडातून कोठीपोटातच जातो आणि तिथले सूक्ष्मजीव त्याचा क्षणात फडशा पाडतात. रक्तात साखर म्हणून तो जवळपास पोचतच नाही. थोडा गूळ चव आणतो, व्यालेल्या थकलेल्या गाईला खायला लावतो, एवढं त्याचं काम. किलोभर रोज दिलात तर पोट आंबेल आणि आहे ती भूकही जाईल. पिणाऱ्या वासराची गोष्ट निराळी. ते चोखतं तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटाची खोबण मिटून नळी होते, दूध कोठीपोट चुकवून पुढच्या पोटात उतरतं, आणि दुधातली साखर सरळ रक्तात जाते. लहान वासराची साखर आईपेक्षा जास्त असते ती यामुळेच.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गाई खात नाहीत, दूध पडतं, माजही जातो. हेही उपासमारीचंच ना? (दूध उत्पादक, करमाळा)

उत्तर : दिसायला तसंच, आतून वेगळं. नुसत्या भुकेने इन्सुलिन उतरतं, हे वर आलंच आहे. उन्हाने तापलेल्या गाईत मात्र खाणं घटूनही इन्सुलिन उतरत नाही, उलट चढलेलं राहतं. त्यामुळे चरबी सुटत नाही आणि गाय साखरच जास्त जाळते. कासेच्या वाट्याला कमी येतं. म्हणून भर उन्हाळ्यात नुसता खुराक वाढवून दूध परत येत नाही. सावली, पंखा, अंगावर पाणी, खुराकाची वेळ पहाटे आणि रात्री. आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली बांधलेल्या गाईला कुठलंही इंजेक्शन लागू पडायचं नाही.

प्रश्न : माझी उस्मानाबादी शेळी चार महिन्यांच्या वर गाभण होती. पोट खूप मोठं. दोन दिवस खाल्लं नाही, दात खात होती, भिंतीला डोकं लावून उभी राहायची, मग बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी साखर तपासली, ती जास्त आली. ते म्हणाले, पोटातली पिल्लं गेली. शेळीही गेली. साखर जास्त होती तर तिला नेमकं काय झालं? दुसऱ्या दोन शेळ्या गाभण आहेत, भीती वाटते. (एक भगिनी, बार्शी तालुका)

उत्तर : बाई, तुमची शेळी गाभणकाळातल्या किटोसिसने गेली असं पत्रावरून वाटतं. डॉक्टरांनी सांगितलं ते त्याच्याशी जुळतं.

शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. पिल्लांच्या जन्मवजनाचा बहुतांश भाग शेवटच्या दीड महिन्यात भरतो. पिल्लू वारेतून आईचं ग्लुकोज घेतं, आणि त्यासाठी आईच्या इन्सुलिनची वाट बघत नाही. उस्मानाबादीला जुळं नेहमीचं, तिळंही होतं. दोन-तीन पिल्लं ओढतायत, आणि त्यांनीच पोटातली जागा अडवल्यामुळे आई एका वेळी जास्त खाऊ शकत नाही. साखर उतरते. इन्सुलिन उतरतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, चरबी सुटते, यकृतात चरबी साचते, किटोन चढतात. आणि किटोन फार झाले की यकृत साखर बनवणं आणखी कमी करतं. इथून शेळी घसरते ती घसरतच जाते. मेंदूला साखर मिळेना की डोकं टेकणं, दिसेनासं होणं, दात खाणं.

साखर जास्त का आली? पिल्लं पोटात मेली की साखर ओढणारं कुणी उरत नाही. पण आईचं कॉर्टिसॉल अजून चढलेलंच असतं आणि ते यकृताकडून साखर बनवून घेत राहतं. म्हणून शेवटी-शेवटी साखर चढलेली दिसू शकते. साखर बरी आहे म्हणून शेळी बरी आहे असं अशा वेळी धरायचं नसतं. किटोन बघायचे.

आईची साखर कमी राहिली तर पिल्लू जगूनही त्याला झळ लागते. मेंढीच्या गर्भावरच्या अभ्यासांत दिसतं की आईला साखर कमी पडली की गर्भाचं स्वतःचं इन्सुलिन आणि आयजीएफ उतरतं आणि वाढ मंदावते. तुमच्याकडे कमी वजनाची, थंडीत गारठून जाणारी करडं जन्मत असतील तर शेवटच्या दोन महिन्यांची वैरण तपासा.

राहिलेल्या दोघींसाठी : शेवटच्या सहा आठवड्यांत ज्वारी किंवा मक्याचा भरडा मुठीमुठीने सुरू करून रोज पाव किलोच्या आसपास न्या, दोन-तीन वेळा विभागून. पाला चांगल्या प्रतीचा द्या, नुसती वाळली वैरण नको. पोट तिच्यानेच भरून जाईल. या काळात जागा बदलणं, लांबचा प्रवास, बाजारात नेणं टाळा. एक दिवसाचा उपासही तिला महागात पडतो. फार लठ्ठ शेळीलाही हा धोका असतो, हे लोकांना पटत नाही. एक वेळ जरी भरड्याकडे पाठ फिरवली तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. ग्लुकोज, प्रोपिलीन ग्लायकॉल, गरज पडली तर शेळी लवकर विऊ घालणं, हे सगळं ती उभी असताना उपयोगाचं. आणि मेडिकलमधून स्टिरॉईड आणून कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका. ते साखर चढवतं खरं, पण गाभण शेळीला बाळंत करवतंही.

प्रश्न : मी सोलापुरात बीएस्सीला आहे. पुस्तकात गाईची रक्तशर्करा दर १०० मिली रक्ताला ४५ ते ७५ मिलिग्रॅम लिहिली आहे. माझ्या आजीची ५० वर आली की ती घामाने भिजते, थरथरते. गाईला चक्कर का येत नाही? आणि साखर कमी झाली हे शरीराला कळतं तरी कसं, हे पहिल्यांदा कुणी शोधलं? (विद्यार्थिनी)

उत्तर : छान प्रश्न, बाळ. आजीला थरथर होते ती साखरेची नव्हे, ॲड्रेनालिनची. माणसात साखर ८० च्या आसपास उतरली की इन्सुलिन कमी व्हायला लागतं. ६५ ते ७० ला ग्लुकागॉन आणि ॲड्रेनालिन सुटतं. त्याच सुमारास आणि त्याखाली ग्रोथ हार्मोन आणि कॉर्टिसॉल. पहिली दोन मिनिटांत काम करतात, यकृतातला साठा मोकळा करतात. मागची दोन सावकाश, तासांच्या हिशोबाने, साखरेचा वापर कमी करून आणि नवी साखर बनवून घेऊन. गाईचं शरीर मुळातच कमी पातळीवर बेतलेलं आहे, तिचा धोका आपल्याहून बराच खाली सुरू होतो. पण तिलाही तळ आहे. किटोसिसमध्ये साखर फार उतरली की काही गाई भिंत चाटत बसतात, गोल-गोल फिरतात, रेड्यासारख्या अंगावर येतात. लोक पिसाळली समजून घाबरतात. तिथे हात-मोजे न घालता तोंडात हात घालू नका, कारण पिसाळलेली असूही शकते.

शोधाची गोष्ट मला फार आवडते. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्टने कुत्र्यांवर इन्सुलिन सिद्ध केलं. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरचे प्रयोग छापले. त्यांनी मांजराच्या हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या. आता हृदयाचा वेग वाढला तर तो मेंदूच्या थेट हुकमाने वाढलेला नसणार, रक्तातून काहीतरी आल्यामुळेच वाढलेला असणार. ॲड्रेनालिन मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून मांजराचं हृदयच यंत्र केलं! मग इन्सुलिन देऊन साखर उतरवली. साखर एका पातळीखाली गेली की ते सुटं हृदय धावायला लागायचं. साखर दिली की शांत. ॲड्रेनालिन सोडणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींचा हात काढून घेतला की तसं धावणं नाही. पुढे अर्जेंटिनात बर्नार्डो हूसाय यांनी पीयूष ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांवर काम केलं. अशा कुत्र्याला जरासं इन्सुलिनही झेपत नाही, साखर कोसळते, कारण तिला वर ओढणारी हार्मोन पीयूष ग्रंथीच्या हाताखालची. त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. त्या मांजरा-कुत्र्यांना काय सोसावं लागलं हेही लक्षात ठेवून वाच.

साखर जोखणाऱ्या पेशी एका जागी नाहीत. स्वादुपिंडात आहेत, हायपोथॅलॅमसमध्ये आहेत, मेंदूच्या मागच्या भागात आहेत, आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेतही आहेत. आणि आजीसाठी एक : साखर वारंवार उतरत राहिली की ॲड्रेनालिनचा इशारा बोथट होत जातो. उंदरांत, कुत्र्यांत, माणसांत सगळीकडे हे दिसलं आहे. आजीला घाम येईनासा झाला आणि मशीन मात्र ५० दाखवतंय असं झालं, तर सवय झाली म्हणून सोडू नका, तिच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : जुळे सोलापुरात आमच्याकडे दोन महिन्यांचं पॉमेरियन पिल्लू आहे. परवा सकाळी झोकांड्या खात चाललं, मग आकडी आली. आदल्या संध्याकाळी आम्ही लग्नाला गेलो होतो, त्याला दुपारनंतर काही मिळालं नव्हतं. मधाचं बोट चाटवल्यावर उठून बसलं. फिट्सची गोळी सुरू करायची का? (गृहिणी)

उत्तर : गोळी आत्ताच नको, जेवणाच्या वेळा आधी. एवढ्याशा जातीच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा काही तासांचाच असतो. रात्रभर उपाशी राहिलं की साठा संपतो. ॲड्रेनालिन आणि ग्लुकागॉन सुटतात, पण मोकळं करायला यकृतात काही नसतं. स्नायू लहान, चरबी नाही, त्यामुळे कॉर्टिसॉललाही नवी साखर बनवायला माल मिळत नाही. पिल्लाच्या शरीरात हार्मोन हजर असतात, पण हात रिकामे.

दिवसातून चार-पाच वेळा थोडं-थोडं खायला द्या, रात्री झोपायच्या आधी एकदा नक्की. पुन्हा तसं झालं तर मध किंवा साखरपाणी हिरड्यांना चोळा. बेशुद्ध असेल तर तोंडात ओतू नका, फुप्फुसात जाईल. चोळा आणि थेट दवाखाना. जंत आणि पार्व्हो या विषाणूची लागण नाही ना हेही बघून घ्या, कारण त्यातही साखर पडते. पोटभर खाऊनही झटके येत राहिले तर तपासणी वेगळी. कॉर्टिसॉल न बनणारा आजार कुत्र्यांत असतो, त्यातही साखर उतरते.

आणि घरात शुगर-फ्री च्युइंगम असेल तर उंच ठेवा. त्यातल्या झायलिटॉलने माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याचं स्वादुपिंड फसतं, भसकन इन्सुलिन सोडतं आणि अर्ध्या-एक तासात साखर तळाला जाऊ शकते.

प्रश्न : वडिलांच्या शुगरच्या मशीनवर गंमत म्हणून गाईची साखर पाहिली, ४८ आली. कोंबडीची पाहिली, २२० आली. गाईला ग्लुकोज आणि कोंबडीला इन्सुलिन, असं काही करायचं का? (वाचक, अक्कलकोट)

उत्तर : दोघींना काही करू नका. कोंबडीची साखर दोनशेच्या वर असणं हीच तिची तब्येत. पक्ष्यांत इन्सुलिनपेक्षा ग्लुकागॉनचा अंमल मोठा. तिची शंभर आली असती तर मी काळजी केली असती. गाईची ४८ मर्यादेत आहे. पण ती नुकती व्यालेली असेल आणि पेंड सोडत असेल तर लघवीतले किटोन बघा. साखरेच्या एका आकड्यापेक्षा ते जास्त बोलतात, कारण हार्मोन साखरेला शेवटपर्यंत सावरून धरतात आणि किटोन आधी चढतात. माणसाचं मशीन माणसाच्या रक्ताच्या हिशोबाने बनवलेलं असतं, जनावरात आकडा थोडा इकडेतिकडे होतो. कल येण्यापुरतं ठीक.

मात्र सुई दर वेळी नवी, आणि गोठ्यात वापरलेली सुई वडिलांच्या डबीत परत ठेवायची नाही.